हरकत असेल त्यानं आत्ताच सांगावं

आमच्या टीचर सॉफ्टवेअरमधल्या बदलांची यादी वाचायला उभ्या राहिल्या की मालवणच्या बंदरावरचे कावळेसुद्धा खाली बसत. खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून, टोपी काढून मागे उभा राहिला. त्याला वाटलं गावात कोणीतरी गेलं. टीचरनी शेवटचं कलम वाचून चष्मा काढला तेव्हा त्यानं हळूच मला विचारलं, "वय काय होता रे?"

टीचर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती बाई. आजोळ गोव्याचं, साडी इतक्या कडक इस्त्रीची की बसताना कागद दुमडल्यासारखा आवाज यायचा. निवृत्तीनंतर बाकीच्या बायका गुडघे धरून बसल्या, टीचर संगणक घेऊन बसल्या. मच्छीमारांच्या सोसायटीला लागून एक खोली होती, तिथे त्यांनी प्रोग्राम लिहायचं काम सुरू केलं आणि पुण्यातून पदविका घेऊन परत आलेल्या मला जोडीला घेतलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा आणि जगातलं सगळं येत असलेला. का घेतलंत, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नववीत मीच तुका नापास केलंय. तुझ्यो चुको माझ्या वळखीच्यो आसत."

त्यांच्या बोलीचंही एक गणित होतं. माया आली की मालवणी, राग आला की शुद्ध पुस्तकी मराठी. "बाबू, जरा हय ये रे" असं ऐकू आलं तर चहा मिळणार. "आपण जरा इकडे येता का" असं ऐकू आलं तर मागच्या दारानं पळावं, आणि मी पळायचो.

आमचं मुख्य काम म्हणजे भरतीचा कागद. जुन्या कोळ्यांना तो लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाला पाणी भरणार. पण लांबून आलेले खलाशी होते, बर्फवाले होते, आणि आमच्याकडची शाळेत गेलेली पिढी होती, जिला पाऊणपट म्हटलं की घाम फुटायचा. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. भरती पुरती भरायच्या आत होडी आणली तर ती वाळूवर बसते आणि मागून येणारी लाट तिला आडवी करते. म्हणून सोसायटी दर महिन्याला वेळांचा कागद काढायची. देवबागेपासून आचऱ्यापर्यंत तो भिंतींवर लागायचा, आणि खाली रेडीपर्यंत एसटीच्या कंडक्टरच्या हातून जायचा.

सोसायटीचे चेअरमन दाजी संगणकाच्या विरुद्ध. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "एकदा जरी कागद चुकलो, तर तुमचो संगणक बर्फाच्या खोलयेत आणि खडूफळो परत भिंतीर." टीचर हसल्या, पण त्या दिवसापासून तो कागद म्हणजे त्यांचा जीव झाला.

आता आतली गोष्ट. पाऊणपट आमचा प्रोग्राम करायचा, पण तिथी आम्ही काढत नव्हतो. ती काढणारी लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा दुसऱ्याचा तयार तुकडा, कुठल्यातरी थंड देशातल्या एका चंद्रवेड्या गृहस्थानं लिहून फुकट वाटली होती. टीचर म्हणायच्या, "भात आपलो, आमटी शेजाऱ्याची." पुढे खाऱ्या हवेनं आमचा जुना संगणक खाल्ला. अक्षरशः खाल्ला, उघडला तेव्हा आत गंजाशिवाय काही शिल्लक नव्हतं. नव्या संगणकावर ती लायब्ररी चालेना. शेजाऱ्यानं आमटीची दुसरी आवृत्ती काढली होती, तीच घ्यावी लागणार होती.

मी म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. टीचरनी माझ्याकडे नववीच्या नजरेनं पाहिलं. "आवृत्तीच्या नंबरात टिंबाच्या उजवीकडचो आकडो बदललो तर माणसान दाढी केली. डावीकडचो बदललो तर तेणी लगीन केल्यान. लगीन केलेल्या माणसाक चौकशी केल्याशिवाय घरात घेवचा नाय."

आणि चौकशीची त्यांची रीत ठरलेली होती. चर्चमध्ये लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. टीचर डावीकडचा आकडा बदललेल्या प्रत्येक लायब्ररीला तोच मान देत. तीन रविवार, चर्चमधली मिसा म्हणजे प्रार्थना संपल्यावर, सोसायटीच्या ओट्यावर. इंग्रजी यादीचं एकेक कलम मराठीत सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "हरकत असेल त्यानं आत्ताच सांगावं." ऐकायला कोण, तर लिलावाला आलेली माणसं, मासेवाल्या आणि मी. एकदा मी म्हटलं, टीचर, यांना यातलं काय कळणार. त्या म्हणाल्या, "आपण एका नजरेनं पाहतो. त्यांच्याकडे चाळीस नजरा आहेत." शुद्ध मराठी होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही.

पहिला रविवार शांततेत गेला. एकतीस कलमं वाचून झाली. एकानं विचारलं, "ह्यात सुरमयचा काय आसा?" टीचरनी गंभीरपणे सांगितलं, "सुरमईबद्दल काही नाही." तो समाधानानं बसला.

दुसऱ्या रविवारी सहावं कलम चालू असताना किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढून झालं आणि बांगडा लागला. किती लागला म्हणाल तर समुद्र दोन बोटं खाली गेला असेल. ओटा रिकामा झाला. उरलेली पंचवीस कलमं टीचरनी मला आणि एका कुत्र्याला वाचून दाखवली. त्यातलं कुत्रं तरी जागं होतं.

सोमवारी टीचर बहिणीला भेटायला कसालला गेल्या. मी खोलीत एकटा, समोर नवा संगणक, आणि महिना संपत आलेला. तिसऱ्या रविवारी असं कोणतं आभाळ कोसळणार होतं? मी दुसरी आवृत्ती बसवली. तपासलीसुद्धा, उगाच माझ्यावर आळ नको. अमावास्या पाहिली, पौर्णिमा पाहिली आणि माझा वाढदिवस पाहिला. तिन्ही बरोबर. पुढच्या महिन्याचे कागद छापले, एसटीत टाकले आणि शहाळं प्यायला गेलो.

तिसऱ्या रविवारी ओटा भरलेला. मी मागे खांबाला टेकून, चेहऱ्यावर साधूचा भाव. टीचर सतराव्या कलमावर आल्या. "यापुढे तिथी त्या दिवशीच्या मध्यरात्रीची धरली जाईल."

"थांबा, टीचरानू." मासे विकणाऱ्या पारूकाकी उठल्या; पहिल्या रविवारी त्या बाजाराला गेल्या होत्या. हातात पाटी, पाटीत तारल्या, आणि मालवणात त्यांच्यापुढे बोलायची कोणाची प्राज्ञा नाही. "दिवस खंयसून सुरू केल्यानी म्हणालास?"

"मध्यरात्रीपासून, पारू."

"आमचो दिवस सूर्य वर इलो की सुरू होता. उजाडताना जी तिथी, ती दिवसभर. पाऊणपट तिचीच. ह्यो मेलो रात्रीच उठान कालची तिथी धरतलो, तर आमच्या पाण्याचा काय?"

टीचरनी यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं हिशोब मांडला. साधारण दर चौथ्या दिवशी मध्यरात्रीची तिथी उजाडतानाच्या तिथीहून एकानं मागे. एक तिथी मागे म्हणजे भरती पाऊण तास आधी छापली जाणार, आणि पाणी अजून भरत असताना होडी वाळूवर येणार.

"हरकत मान्य," टीचर म्हणाल्या. "पारू, देव बरें करूं. बरा झाला, अजून बसवक नाय ती."

मग त्यांचं लक्ष खांबाकडे गेलं. "बाबू, आपण जरा इकडे येता का?"

या वेळी मागचं दार नव्हतं. मी सगळं सांगितलं. दाजींनी मान वळवून बर्फाच्या खोलीकडे पाहिलं. पारूकाकी म्हणाल्या, "शिकान इलो आसा ना पुण्याक, म्हणान." तो टोला अजून दुखतो.

पहिला चुकीचा दिवस मंगळवार होता. देवबाग आणि आचऱ्याला फोन लागले. रेडीला होडी चालवणाऱ्या मधू तांडेलाचा फोन काही लागेना. टीचर म्हणाल्या, चुकीचा कागद हातानं गेला, तर दुरुस्तीही हातानंच जाईल. मग काय, माझी स्कूटर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या टीचर, वर उघडी छत्री. वेंगुर्ल्याच्या वळणांवर त्या छत्रीनं आम्हांला दोनदा जमिनीवरून उचललं.

मधू तांडेल धक्क्यावर जाळं दुरुस्त करत होता. "टीचरानू, तुमी? स्वता?"

"कागद चुकलो, मधू."

"असो कसो चुकात? छापलेलो आसा."

"मंगळवारी किती वाजता आत येतलंस?"

"कागदार पावणेचार आसत. म्हणजे पावणेचार."

"साडेचार होये होते. पण तू पाण्याक बघतलंस मा आधी?"

मधू हसला. "पाण्याक कित्याक बघू? तुमचो कागद इल्यापासून मी पाण्याक बघूचा सोडलंय."

त्यानं ते कौतुकानं सांगितलं होतं. टीचर शेजारच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसल्या. कडक साडी चिखलात. मला म्हणाल्या, "बाबू, आपण या माणसाचे डोळे काढून घेतले." मी चुकलो याचं त्यांना दुःख नव्हतंच. आम्ही इतके दिवस बरोबर होतो, याचं होतं.

उठताना त्यांनी मधूकडून कबूल करून घेतलं. दर महिन्याला एक दिवस त्यानं कागद खिशात ठेवून पाणी बघायचं, आणि कागदाशी जुळतं की नाही ते फोनवर सांगायचं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. लायब्ररीला वेळ सांगायची सोय होती, आम्ही उजाडतानाची सांगितली. तरी टीचरनी पुन्हा पहिल्या रविवारपासून तिन्ही वाचनं केली. नव्या कागदाच्या तळाशी त्यांनी स्वतः टाईप केलं: 'मागचा कागद चुकीचा होता. यादीचं दुसरं वाचन नीट झालं नाही, ही चूक माझी. टीचर.' मी म्हटलं, चूक माझी आहे. म्हणाल्या, "कुत्र्याक वाचून दाखयलंय ता वाचन धरलंय कोणी? मियाच मा?"

दाजींनी तो कागद दोनदा वाचला आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर ठोकला. "आपण चुकलो म्हणान खडूफळ्यान कधी सांगल्यान नाय," एवढंच म्हणाले. संगणक जागचा हलला नाही.

दोन हजार दहाला टीचर लेकीकडे मडगावला राहायला गेल्या. खोली माझ्यावर सोपवताना भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. बदलांच्या याद्यांची फाइल दिली आणि म्हणाल्या, "मोठ्यान वाच. तोंडातल्या तोंडात वाचलंस तर पारू ऐकाची नाय."

मधूचा फोन दर महिन्याला यायचा. "जुळता. टीचरांका सांग." मी मडगावला कळवायचो. मग एका महिन्यात तो म्हणाला, "आज जुळूक नाय. कागदार साडेधा, पाणी भरला पावणेअकराक." मी अख्खा प्रोग्राम ओळ न् ओळ उलगडला, तिथी तपासली, सूर्योदय तपासला. कुठेच काही सापडलं नाही. शेवटी टीचरना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरची शिट्टी झाली. "वारो खंयचो होतो?" त्यांनी विचारलं.

"मधू म्हणालो जोराचो दर्याकडसून होतो. पण टीचर, आपलं गणित बरोबर आहे."

"आसतला. पण पाणी बरोबर आसा. कागदार तसा लिही," त्या म्हणाल्या.

मी पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर साडेदहाच्या शेजारी पावणेअकरा लिहिलं.