ब्रेकवरचा पाय

मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवते, हे आबांनी गावभर केलं. आबा म्हणजे माझे वडील, आणि गाडी म्हणजे त्यांची जुनी पांढरी, स्टेअरिंगपाशी गियर असलेली. मी घरून, शिनोलीहून निघाले, तर गाडी जड होत होत मंचरच्या बाजारात ठप्पच झाली. मागं कांद्याचे टेम्पो हॉर्न मारतायत, लोक बघतायत. थोडी थंड झाली तशी आपोआप सुटली.

घरी आल्यावर आबांनी किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. "ज्यानं गाडी बिघडवली, त्यानं किल्लीला हात लावायचा न्हाई. पाय ब्रेकवर व्हता तुझा."

"नव्हता, आबा!"

"मग काय भुतानं दाबला?"

असा संताप आला! याच गाडीवर मी शिकले. रविवारी आईला तिच्या माहेरी, पिंपरी पेंढारच्या जत्रेला, मीच नेणार होते. म्हटलं, किल्ली परत मिळवीन तर मानानं.

सकाळी आबांनाच म्हटलं, घोडेगावपर्यंत चक्कर मारून या. आले ते कुंथत, घाम पुसत. "बघ, कशी करून ठेवलीस!"

मी चाकांना हात लावून पाहिला. चारही तापलेली. एकच तापलं असतं तर खोट त्या चाकात. चारही धरतात म्हणजे दुखणं वरती, पॅडल जिथं तेल ढकलतं तिथं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, तर आतलं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं. थोडं तेल काढून आईच्या पाहुण्यांसाठीच्या काचेच्या ग्लासात, पाण्यात टाकलं. आई ओरडली, पण ओरडू दे. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हे रश्शावरच्या तर्रीसारखं तरंगत राहिलं. असल्या तेलानं रबरं फुगतात आणि दाबलेला ब्रेक सुटत नाही.

"यात कुणीतरी भलतंच तेल ओतलंय," मी म्हटलं.

आबा एकदम गोठ्याकडं बघायला लागले.

"अवो, तुमीच न्हाई का ओतलं?" आई म्हणाली. "ट्रॅक्टरच्या ब्रेकला चालतं, मग हिला का नाय, म्हनत व्हता."

"तेल ते तेलच की राव!" आबा पुटपुटले. मी हसून हसून पायरीवरच बसले.

मंचरच्या मेकॅनिकनं सगळे पाइप धुतले, रबरं बदलली, नवं ऑइल भरलं. रविवारी आबा किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी हजर. आईनं नुसता हात पुढं केला.

"ज्यानं बिघडवली, त्यानं…" एवढंच म्हणाली.

किल्ली तिच्या हातातून माझ्या हातात आली. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आबा शेजारच्या सीटवर बसले. गाडी लोण्यासारखी चालली होती, ब्रेक लागत होता आणि सुटतही होता. पण पुढं ट्रक दिसला की आबांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला. गतिरोधक आला की परत दाबलेला. आळेफाट्यापर्यंत मी तोंड आवरलं. मग नाही राहवलं.

"आबा," मी म्हटलं, "ब्रेकवरचा पाय काढा."