न उलटलेलं पान

परळच्या चाळीत राहणाऱ्या सुजाताबाई दर पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, बुद्धविहारात ग्रंथ वाचायच्या. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी वाचावं, असं गेल्या वीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मग मेंदूला झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, वाचणं तेवढं गेलं. अक्षर एकेकटं ओळखू यायचं, शब्द काही जुळायचा नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "रोज थोडंच वाचा आणि मध्ये आराम करा. मेंदू दमला की शब्द ओळखत नाही." पण आराम म्हणजे आळस, असं त्यांच्या मुलाचं, राजरत्नचं, ठाम मत. त्या घरात परमेश्वर नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त प्रयत्नांवर! पहाटे ड्युटीला गेलेला राजरत्न संध्याकाळी आला, की चहाच्याही आधी शब्दांच्या चिठ्ठ्या मांडायचा. "आई, परत. अजून एकदा."

सकाळी झोपून उठल्यावर दुधाच्या पिशवीवरचा एखादा शब्द सुजाताबाईंना आपसूक कळायचा. बघायला तेव्हा घरात कुणी नसे. संध्याकाळी चार-पाच चिठ्ठ्या झाल्या, की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. पण चिठ्ठ्या रोज त्याच क्रमाने यायच्या, आणि क्रम पाठ व्हायला डोळे कशाला लागतात? एके दिवशी त्यांनी सगळ्या धडाधड सांगितल्या. राजरत्न अक्षरशः नाचला. त्याच्या आनंदावर विरजण घालायचा धीर त्यांना झाला नाही. आणि हा पठ्ठ्या तडक विहारात जाऊन सांगून आला, रविवारी आई वाचणार.

रविवारी दिवसभर घोकून घेऊनच त्याने आईला नेलं. सुजाताबाईंनी ग्रंथ उघडला. एकही शब्द ओळखू येईना. मग त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि इतक्या वर्षांचं पाठ झालेलं म्हणायला सुरुवात केली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. राजरत्न शेजारीच बसला होता. आईचा आवाज पुढे चालला होता, पान मात्र तेच होतं. त्याने हळूच हात पुढे केला आणि पान उलटलं.

घरी परतताना तो चाळीच्या जिन्यात थांबून म्हणाला, "तू वाचत नव्हतीस ना, आई?"

"नव्हते." सुजाताबाईंनी कठडा धरला. त्यांना रडू फुटलं. "सकाळी दोन-चार शब्द येतात रे मला. संध्याकाळी तू शिकवायला बसतोस, आणि तेपण जातात."