वांग्यांना पाणी कोणी घातलं?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई मी!

माहेर सांगली. नवऱ्याच्या नोकरीमुळे चंडीगडला आले तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. त्या काळात जो तो ब्राउझरमध्ये शेतीचा गेम खेळायचा. शेजारी बनून दुसऱ्याच्या रोपांना पाणी घालता यायचं. केवळ त्यासाठी आई माउस धरायला शिकली. रोज सकाळी फोन — "घातलं गं पाणी तुझ्या वांग्यांना. कोपऱ्यातलं एक ठेवलंय, त्याला तू घाल. म्हणजे तू उठलीस हे मला कळतं."

पुढे मुलगा झाला, आयटी पार्कात नोकरी लागली, माझा गेम सुटला. आई सोडेना. एकदा भर मीटिंगमध्ये तिचा फोन... मी खेकसलेच, "नको ना येत जाऊस माझ्या शेतात! वाळू देत ती वांगी!"

"बरं," म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही.

लोक मोबाइलकडे वळले, ब्राउझरांनी ते जुने गेम चालवणं थांबवलं, साइट बंद पडली. गेल्या वर्षी आई गेली. तिचं ते 'बरं' मला अजून टोचतं.

या जानेवारीत कळलं, काही हौशी मंडळींनी असे गेम जपून ठेवलेत, इंटरनेटशिवाय चालतील असे. रविवारी सकाळी आमचा तो शेतीचा गेम उतरवून घेतला. नवीन शेत, आठ वांगी लावली, पाणी अजून घातलं नव्हतं. नवरा ड्यूटीवर, मुलगा सेक्टर ३४ला क्लासला. लॅपटॉप मिटला, कुलूप लावून भाजी आणायला गेले.

अर्ध्या तासानं येऊन उघडला तर... सात रोपांखालची माती ओली. कोपऱ्यातलं आठवं कोरडं.

"आई?" मी चक्क मोठ्यानं हाक मारली.

मुलगा आल्यावर म्हणाला, "मम्मा, आपने ही किया होगा, भूल गई होंगी." गेम जपणाऱ्यांपैकी एकाला लिहिलं. त्याचं उत्तर — शेजाऱ्यांचा भाग सर्व्हरवर होता, तो आम्हाला मिळालाच नाही. या कॉपीत दुसरं कुणी येऊच शकत नाही.

नंतर महिनाभर तसंच शेत लावून, तसंच कुलूप घालून पाहिलं. पुन्हा काहीच घडलं नाही.

कारण मला आजही सापडलेलं नाही. येऊ नकोस म्हटलं होतं मी तिला... तरी आली. त्या रविवारी रिकाम्या घरात आठव्या रोपाला पाणी घातलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.