पोती धुतलेला डोह

नातवानं आज युरियाचं पोतं फोडलं आणि त्या झोंबऱ्या वासासरशी मला साठ वर्षांपूर्वीची आमची मोर्णा नदी आठवली. गावात पांढरं खत नवंच आलं होतं. रिकामं बारदान कापसाच्या कामी येईल म्हणून साऱ्या बाया पोती डोहात धूत होत्या.

"खत पान्यात जाऊन राह्यलं ना वं माय," मी म्हटलं.

"नदी हाय. वाहून नेते," आई म्हणाली.

पंधरवड्यात डोहावर हिरवी साय धरली. एका सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. आम्ही खूश! हातानंच धरले, घरोघरी रस्सा शिजला. पुढं त्या डोहात मासा दिसलाच नाही.

आई मात्र खोटं बोलली नव्हती. मोर्णेनं ते खत पूर्णेला दिलं, पूर्णेनं तापीला, आणि तापीनं समुद्राला.