साडेदहाला शहाण्णव

बल्गेरियातल्या लोम गावात ल्युबेन त्सेकोव्ह घड्याळजी म्हणूनच ओळखला जाई, पण त्याच्या टेबलावर घड्याळ येऊन किती वर्षं झाली ते त्यालाही आठवलं नसतं. बस स्टँडसमोरचं ते अरुंद दुकान बापाचं. बापाने भिंतीवरची घड्याळं दुरुस्त केली, ल्युबेनने मनगटावरची. मग कारखाना बंद पडला, तरणी माणसं इटली-स्पेनला कामाला गेली, म्हातारी मागे राहिली, आणि एका नाताळात त्या तरण्यांना एकदम आपल्या आयांची आठवण झाली. आईला भेटायला यायचं तर सुट्टी लागते. बँड पोस्टानेही येतो. रबरी पट्टा, काळी काच, रात्रीची झोप आणि दिवसाची नाडी थेट मुलीच्या फोनवर. गावातल्या निम्म्या बायकांच्या मनगटावर तो आला आणि बिघडला की त्या ल्युबेनकडे येऊ लागल्या.

बिघडत काही नसे. हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. कुणी तो बांगडीसारखा सैल घाली, कुणी बरोबर हाडावर. कुणाच्या मागच्या काचेवर स्वयंपाकाच्या तेलाचा थर. कुणी चार्जिंग टिकावं म्हणून बॅटरी वाचवायची खूण दाबून ठेवी, मग नाडी मोजणंच बंद. ल्युबेन काच पुसायचा, बँड हाडापासून दोन बोटं वर सरकवायचा, एक भोक घट्ट करायचा, बंद करून चालू करायचा. झालं काम. भांडण व्हायचं ते फक्त झोपेवरून.

"मी झोपले की नाही ते मला ठाऊक, की या रबराला?"

"ताई, तीन तासांच्या खालची झोप हा धरत नाही."

"मग गेली वीस वर्षं मी झोपलेच नाही म्हणायची."

यावर ल्युबेन हात टेकायचा. तो स्वतः बँड घालत नसे. बायको गेल्यापासून आपण किती झोपतो, ते त्याला आकड्यात बघायची इच्छा नव्हती.

खरी गंमत मार्चमध्ये. एक तारखेला सगळा देश मनगटाला लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा बांधतो आणि करकोचा दिसेपर्यंत किंवा झाड फुलेपर्यंत ती काढत नाही. काढली तर वर्षभराची तब्येत गेली. बायकांनी ती डाव्याच हाताला बांधायची, आणि बँडही डाव्याच हाताला. मग या बायका काय करत? आधी धागा, वर बँड. धाग्याच्या गाठीमुळे काच कातड्यापासून उचलली जाई, नाडी मोजणारा दिवा हवेत चमके आणि नाडी गायब. इकडे बाई मजेत अंगणात कांदे लावते आहे आणि तिकडे मिलानमध्ये लेकीच्या काळजाचं पाणी होतं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ल्युबेनचा फोन खाली राहत नसे. "काका, आईचं हृदय दिसत नाही." त्याचं उत्तर पाठ झालेलं होतं. धागा आहे, पोरी. उजव्या हाताला बांधायला सांग, ऐकणार नाही, पण सांग.

त्या वर्षी चार तारखेच्या सकाळपर्यंत असे नऊ फोन झाले होते. दहावा साडेदहाला आला. स्पेनमधल्या सारागोसाहून बिस्त्रा.

बिस्त्रा म्हणजे वरच्या आळीतल्या रायनाची एकुलती एक मुलगी. रायना बहात्तर वर्षांची. नवरा गेलेला, हृदयाचे ठोके मधूनच चुकणारे, गोळ्या चालू. बिस्त्रा तिकडे एका पक्षाघात झालेल्या म्हातारीची सेवा करी. तिला उठवायचं, धुवायचं, भरवायचं. स्वतःच्या आईचं मात्र रोज सकाळी फोनवर बघायचं, किती तास झोप, किती ठोके. हे बघून झालं की तिचा दिवस सुरू होई.

"काका, आठपासून आईचं काहीच येत नाही. झोप आली रात्रीची, पाच तास. त्यानंतर सगळं कोरं."

"धागा," ल्युबेन म्हणाला. समोर एक बँड उघडा पडला होता, त्याने मान वर केली नाही.

"फोनही उचलत नाही ती."

"फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो तिचा, मी बघितलाय. ती असेल मागे परसात. कालच्या सणाच्या सुट्टीनंतर आज बाजार भरलाय, तिकडेही गेली असेल. फोन घरी ठेवून लांब गेलं की आकडे येत नाहीत, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण नक्की ना?"

"अगं, एक तारखेपासूनचा हा दहावा फोन. सगळ्यांच्या आया ठणठणीत आहेत. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी स्वतः जाऊन बघतो. मग तर झालं?"

"झालं," बिस्त्रा म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्याचं त्याला ऐकू आलं आणि बरं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

दिलेला शब्द त्याने पाळला. पाच वाजता कुलूप लावलं आणि चालत सात मिनिटांत रायनाच्या घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात फळीवर फोन होता, वाजून वाजून चार्जिंग संपलेला. ओट्यावर सोललेले बटाटे पाण्यात. त्याने दोनदा हाक मारली. मग तळघराच्या जिन्यातला दिवा चालू दिसला.

ती खालच्या पायरीशी पडली होती. वरच्या फळीवरची आंबट कोबीची बरणी काढायला गेली असावी, बरणी शेजारीच शाबूत होती. ल्युबेनने तिचा हात धरला. गार होता. आणि मग त्याचं मनगटाकडे लक्ष गेलं.

डाव्या हाताला धागा नव्हता. बँड उघड्या कातड्यावर, हाडापासून दोन बोटं वर, घट्ट. काच स्वच्छ पुसलेली. धागा उजव्या हाताला होता. गेल्या मार्चमध्ये दुकानात उभी राहून ती म्हणाली होती, "डावा हात तो डावा हात. पण तू म्हणतोस ना, मग बांधते बाबा उजव्याला." दोनशे बायकांना त्याने हे सांगितलं होतं. ऐकलं एकट्या रायनाने, आणि नेमका तोच हे विसरला होता. बँडच्या पाठचा हिरवा दिवा लुकलुकत होता, अजून नाडी शोधत होता.

डॉक्टर आले, हृदय थांबलं म्हणाले, क्षणात गेली असणार म्हणाले. सगळ्यांनी ते धरून ठेवलं. मरणाची बातमी छापलेले कागद दारावर, फाटकावर, चौकातल्या खांबावर लागले. बिस्त्रा दोन विमानं बदलून आली, आईला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडलेला फोन आणि तो बँड असं दोन्ही घेऊन ल्युबेनच्या दुकानात आली. काळे कपडे, डोळे कोरडे.

"यात शेवटचं असेल ना, काका? तळघरातून फोनवर आलं नाही, पण बँडमध्ये साठलेलं असेल."

"असेल."

"डॉक्टर म्हणतात, तिला कळलंसुद्धा नसेल. मला तेवढं बघायचंय. मग मी परत जाईन."

ल्युबेनने दोन्ही चार्जिंगला लावले. त्याला माहीत होतं की बँड आणि फोन शेजारी आले की जे साठलंय ते वर चढणार. आणि त्याला हेही माहीत होतं की बाजूची कळ दहा सेकंद दाबून धरली की सगळं पुसलं जातं. पोरीला म्हणता आलं असतं, पाणी गेलं होतं आत, काही उरलं नाही. तिने विश्वास ठेवला असता. तिला समाधान मिळालं असतं आणि त्याला सुटका. बोट त्याने कळीवर ठेवलंही. कुणासाठी ठेवलंय, असा प्रश्न त्याचा त्यालाच पडला आणि उत्तर इतकं लाजिरवाणं होतं की त्याने बोट काढलं.

आकडे आले. बिस्त्राने फोन हातात घेतला आणि ती शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचू लागली.

"आठ दहा. एकशे बत्तीस. आठ वीस, एकशे अठरा." तिने बोटाने पुढे सरकवलं. "नऊ, एकशे चार. दहा, नव्व्याण्णव. साडेदहा..." ती थांबली. "साडेदहाला शहाण्णव. तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता."

"हो."

"बारा, अठ्ठ्याऐंशी. एक वाजता चौऱ्याहत्तर." पुढचे तीन आकडे ती मनात वाचत होती, ओठ तेवढे हलत होते. "एक चाळीसला शेवटचा. पुढे नाही."

"सात मिनिटांवर घर आहे, बिस्त्रा," ल्युबेन म्हणाला. "मी गेलो नाही. मी म्हटलं, धागा."

ती शिव्या देईल म्हणून तो वाट बघत होता. तिने काहीतरी फेकून मारलं असतं तरी त्याला चाललं असतं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"शेजारच्या त्सेत्साकाकूचा नंबर होता माझ्याकडे," ती म्हणाली. "तिला कळवलं असतं तर ती धावत गेली असती. पण तुम्ही म्हणालात आणि मला हायसं वाटलं. मी कॉफी केली, काका. आमच्या म्हातारीला आंघोळ घातली, केस विंचरले. गाणं म्हणत होते मी."

तिने फोन उचलून तो आकडा पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"साडेदहाला तिला दुखत होतं का?"

"ते याला कळत नाही," तो म्हणाला. "हा फक्त ठोके मोजतो."

ती उठली, बँड त्याच्या टेबलावर ठेवला, फोन पर्समध्ये टाकला आणि दाराशी जाऊन म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत." त्यात आभार होते की आरोप, हे त्याला आजही ठरवता आलेलं नाही. त्यानंतर मात्र कुणाचाही फोन आला की तो दुकान तसंच टाकून त्या घरी जातो. बायका हसतात, "अरे धाग्यासाठी एवढा धावत आलास?" तो त्यांचं मनगट धरतो आणि मिनिटभर स्वतः मोजतो. गावातले लोक म्हणतात, घड्याळजी जरा हललाय.

चाळिसावा दिवस झाला, रायनाच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाले, बिस्त्रा परत गेली. एप्रिलअखेर एका सकाळी तिचा फोन आला. आवाज कामाचा होता, हळू, बहुतेक ती म्हातारी शेजारी झोपलेली असावी.

"काका, एक विचारायचं होतं. रोज सकाळी फोन मला सांगतो, रायना यांची झोप नोंदली गेली नाही, पट्टा घट्ट बांधा. रोज. मी बंद करायचा प्रयत्न केला, जमत नाही. दुसऱ्या कुणाला विचारू?"

"मलाच विचार," तो म्हणाला आणि हातातला चिमटा खाली ठेवला. "वर तीन रेघा आहेत, तिथे दाब. कुटुंब असं दिसेल. त्यात आईचं नाव."

"दिसलं. फोटो पण आहे."

"नावावर दाबून धर. खाली पर्याय येतील. शेवटचा."

पलीकडे फोन दाबल्याचा बारीक आवाज आला.

"काका, हा विचारतोय, या व्यक्तीला कायमचं काढून टाकायचं का म्हणून. खाली हो आणि नाही आहे. काय दाबू?"

ल्युबेनने हो म्हणून मान डावीकडे-उजवीकडे हलवली, लोममध्ये सगळेच हलवतात तशी. पुन्हा एकदा हलवली. पण फोनवर मान दिसत नाही, आणि ती तिकडे वाट बघत होती, तेव्हा त्याला ते तोंडानेच म्हणावं लागलं.

"हो दाब, पोरी."