हळदीचं बोट

राठोड सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर चपला बाहेर आणि दोन्ही हात खिशात. प्राचार्य आले तरी हाच नियम. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. माझ्या झब्ब्याला एकच खिसा, म्हणून सर दारातूनच ओरडायचे, "कविराज, तुमी हात मागं बांधून या!"

एवढा धाक कशाचा? तर नखाएवढ्या एका स्फटिकाचा. सरांची पीएच.डी. त्या स्फटिकापाशी अडली होती आणि विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत दिवाळीला संपत होती. स्टीलच्या नळीत झेनॉन वायू भरायचा, एका टोकानं इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या स्फटिकातून बाहेर येणारा अतिनील उजेड मीटरवर मोजायचा. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही, आणि स्फटिकाला बोटाचं जरासं तेल लागलं तरी तो तिथंच अडतो.

"झेनॉन हा राजवायू, म्हंजे खानदानी गडी," सर सांगायचे. "कुनाशी बोलत न्हाई, कुनात मिसळत न्हाई. पन इलेक्ट्रॉनचा धक्का बसला की त्याचे दोन अणू पापणी लवायच्या आत गळ्यात गळा घालतात. सुटताना जो उजेड देतात ना, तो माझा!" हे सांगताना सर असे फुलायचे, जणू लेकराच्या बारशाचं आमंत्रण देताहेत.

सकाळपासून पंप चालवून नळीतली हवा काढायची, आणि नेमकी दुपारी वीज जायची; काटा हलायचा, पण मोजणी पुरी व्हायची नाही. मी चिडवायचो, "काय सर, गेला का तुमचा उजेड?"

"ती सरकारची वीज गेली, कविराज. माझा उजेड नळीत दबा धरून बसून राहिला," म्हणत सर स्टोव्ह पेटवायचे आणि चहा टाकायचे. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

एकाच गोष्टीनं ते हिरमुसायचे. सेनगावकडच्या तांड्यावर त्यांची आई राहायची, त्यांची याडी. पोरगं काय करतं असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मास्तर हाय," आणि शेळ्यांचा विषय काढायची. एकदा सरांनी मोठ्या हौसेनं तिला आणून मीटरचा काटा हलताना दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "काटा तर घड्याळातबी हलतो. उजेड कुटं हाय?"

त्या दिवशी सरांचा चहा तसाच निवला. "विद्यापीठाला पटवीन हो," ते मला म्हणाले, "पन याडीलाच पटलं न्हाई, तर काय उपेग?"

मग आली खंडेनवमी. याडी स्वतःहून जीपमधून उतरली. डोक्यावर आरशांची ओढणी, हातात कुंकवाची डबी आणि तेलात कालवलेली हळद. तांड्यावर नांगर, विळे, कुऱ्हाडी पुजून झाल्या होत्या. मग पोराचं अवजारच तेवढं बिनपूजेचं कसं ठेवायचं? नळीत वायू भरून तयार होता, मीटर बसवायचा राहिला होता. तिला 'हात खिशात' म्हणायची सरांची छाती नव्हती, आणि घागऱ्याला खिसा कुठला! तिनं पंपाला कुंकू लावलं, नळीला लावलं आणि सर "याडी, थांब!" म्हणेपर्यंत हळदीचं बोट थेट स्फटिकावर टेकवलं.

"काय केलंस गं! आता काई यायचं न्हाई बाहेर!" सर ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"काहून ओरडतूस? हळदच तर लावली," याडी म्हणाली, पण चेहरा पार उतरला तिचा. कुणाकडे बघावं ते मला कळेना.

सर काही वेळ डोकं धरून बसले. मग "भरलाच हाय वायू, तर सोडून बघतो," असं पुटपुटत त्यांनी झोत सुरू केला. प्रयोगाला अंधार लागायचा, म्हणून सवयीनं मी दारं-खिडक्या लावून घेतल्या.

आणि स्फटिकावर एक बोट उजळलं. हिरवट पिवळं, कातडीच्या रेघांसकट!

"आयला, हळद!" सर ताडकन उठले. "कविराज, हळद पेटली! तिनं माझा उजेड गिळला आन् आपल्याला दिसंल असा करून दिला!"

याडी वाकली. आधी स्फटिकाकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे. "हे तर माजं बोट हाय!"

"व्हय याडी. आन् त्याच्या मागं माजा उजेड हाय."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. "राहू दे ते तसंच," सर म्हणाले. "मीटरचं बघू पुढं."

याडीनं ओढणीचा पदर घेतला आणि स्फटिक खसाखसा पुसला. "दिसलं मला. आता तुज्या काट्याला दिसू दे."

ओढणीनं तेल काही निघत नसतं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्फटिक स्पिरिटनं पुन्हा पुसला, तेव्हा कुठं काटा पुन्हा हलला, मोजणी पुरी झाली आणि पीएच.डी. मार्गी लागली. याडी मात्र शेवटपर्यंत तांड्यावर सांगत राहिली, की पोराचा अडलेला उजेड तिनं ओढणीनं पुसून मोकळा केला. डॉक्टर राठोड शेजारी उभे राहून मान डोलवायचे, दोन्ही हात खिशात घालून.