गणपतीच्या मापाचा रस्ता

लवूअण्णा परब पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांच्या वीस फुटी आडव्या बांबूने मी काळाचौकीतून थेट परळला उडणार होतो.

"बाजूला हो रे! गणपती येतोय!"

"अण्णा, मे महिना चालू आहे!"

संपात गिरणीतली नोकरी गेलेले अण्णा गणपतीच्या रुंदीएवढ्या त्या बांबूने चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा तपासत होते. त्यात रस्ता पंधरा फुटी होता.

सभेत ते बिल्डरला म्हणाले, "आमचा गणपती जाईल एवढा रस्ता ठेवा. मग आगीचा बंबही जाईल नि बसही."

"मग चाळीसमोरचं जांभळाचं झाड तोडावं लागेल."

"त्यापेक्षा तुमचं पार्किंग तोडा!"

चाळीने टाळ्या पिटल्या आणि नकाशा बदलला. आता जांभळाखाली बसथांबा आहे.

अण्णांना घर मागच्या बाजूला मिळालं. तिथून यातलं काहीच दिसत नाही.